जुनी स्टीलची रोड बाइक फिक्स्ड गिअर करताना: सगळा जीव मागच्या चाकात

फिक्स्ड गिअर सायकलला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा, नसतं. मागची दातेरी चाकी हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) पक्की बसलेली असते, म्हणून चाक फिरतंय तोवर पायडलंही फिरत राहतात. पाय थांबवून नुसतं घरंगळत जायची सोय नाही. उतार लागला की पाय चाकाबरोबर पळवावे लागतात, आणि वेग कमी करायचा तर पायडलांना पायांनीच मागे रेटून धरावं लागतं. रस्ता किती ओला आहे, वारा कुठून लागतोय, टायरमधली हवा उतरलीय का, हे सगळं थेट तळपायाला कळतं. मला या सायकलीची ओढ लागली ती त्यामुळेच.

हे काही अलीकडचं खूळ नाही. व्हेलोड्रोमवरच्या, म्हणजे सायकलींच्या खास ट्रॅकवरच्या, शर्यतींच्या सायकली आजही अशाच असतात, बिनब्रेकच्या. रस्त्यावरच्या शर्यतींतही डिरेलर, म्हणजे चेन एका चाकीवरून दुसरीवर सरकवणारं यंत्र, उशिराच आलं. टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली, पण तिथे व्यावसायिक स्पर्धकांना डिरेलर वापरायची मुभा मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर मोठा चढ समोर आला की खाली उतरायचं, मागचं चाक सोडवायचं, उलटं करून बसवायचं आणि हबच्या दुसऱ्या बाजूची जास्त दातांची चाकी वापरायची. दोन्ही बाजूंना चाकी घेणारं तसं हब आजही फ्लिप-फ्लॉप हब म्हणून मिळतं. पुढे मी तेच घ्यायला सांगणार आहे.

जुन्या स्टीलच्या रोड फ्रेमा या कामाला अगदी योग्य असतात. पण अशी फ्रेम एकदा कापली की गेली. डिरेलर अडकवायचा कान करवतीने उडवलेला, केबलसाठी डाखलेल्या बारीक कड्या ग्राइंडरने घासून काढलेल्या, अशा फ्रेमा मी पुष्कळ पाहिल्यात आणि दर वेळी जीव हळहळतो, कारण यातलं काहीही न कापता सायकल फिक्स्ड होते. म्हणून सुरुवातीलाच दोन गोष्टी मनाशी ठरवा. फ्रेमवर केलेला प्रत्येक बदल परत फिरवता आला पाहिजे. आणि जो काही खर्च करायचा तो आधी मागच्या चाकावर करायचा. हँडल, सीट, रंग, टेप हे सगळं जुनं चालतं. मागचं हब जुगाडाचं चालत नाही.

फ्रेम निवडताना आधी खाच बघा

मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो तिला ड्रॉपआउट म्हणतात. फ्रेमचा रंग, कंपनी, स्टिकर हे सगळं नंतर. आधी ही खाच. गिअरच्या सायकलीत चेनचा ताण डिरेलर सांभाळतं. फिक्स्डमध्ये डिरेलर नाही, आणि त्याच्या जागी स्प्रिंगची ताणचाकीही लावता येत नाही, कारण तुम्ही पाय मागे रेटले की चेनची खालची बाजू ताठ होते आणि ती ताणचाकी वाकते नाही तर तुटते. मग ताण द्यायचा एकच मार्ग उरतो: अख्खं चाक मागे ओढून घट्ट करायचं. त्यासाठी खाच आडवी हवी, म्हणजे एक्सलला पुढेमागे सरकायला जागा मिळते. १९७०च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या बहुतेक रोड फ्रेमांना अशी आडवी, तोंड पुढे असलेली, किंचित खाली उतरणारी खाच असते. पुढच्या काळात उभ्या खाचेच्या फ्रेमा वाढत गेल्या. उभ्या खाचेवरही तोडगा आहे: एक्सल मध्यापासून बाजूला बसवलेलं खास हब मिळतं, ते फिरवून ताण देता येतो. पण ते महाग पडतं, आणि पहिल्याच सायकलीला त्या फंदात पडू नये.

खाच पसंत पडली की फ्रेमची तब्येत बघा. हँडलच्या नळीच्या मागे, खाली जाणाऱ्या नळीच्या पोटावरून बोट फिरवा. समोरून धडक बसलेली असेल तर तिथे रंगाला बारीक सुरकुती लागते, डोळ्यांआधी बोटाला. बाजूने उभं राहून चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फाटा, बघा: हँडलच्या नळीची रेघ चिमट्याच्या वरच्या सरळ भागात तशीच उतरली पाहिजे, आणि खाली गेल्यावर मगच पुढे वळली पाहिजे. वरूनच मागे दबलेला असेल तर चिमटा वाकलाय. ड्रॉपआउट जिथे नळ्यांना डाखलेले असतात तिथे आणि नळ्यांच्या जोडांवर भेगा शोधा. सीटचा दांडा आणि हँडल धरणारा स्टेम हलतो का, हे फ्रेम घेण्याआधीच करून बघा. अॅल्युमिनियमचा दांडा स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं बसून राहिला की दोन धातूंमध्ये गंज धरून तो असा काही आवळतो की काढायला आठवडे जातात.

मागची बाजू सरळ आहे का हे एका दोऱ्याने कळतं. दोऱ्याचं टोक एका ड्रॉपआउटला बांधा, दोरा पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घाला आणि मागे आणून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचं अंतर पट्टीने मोजा. एखाददुसऱ्या मिलिमीटरचा फरक सोडून द्या; त्याहून जास्त असेल तर फ्रेम जाणकाराला दाखवा.

नळ्यांच्या स्टिकरचं फार मनावर घेऊ नका. १९३५ पासून बनत आलेली रेनॉल्ड्स ५३१ किंवा कोलंबसची नळी मिळाली तर आनंदच, फ्रेम हलकी आणि चपळ असते. पण साध्या जाड स्टीलची, जरा वजनदार फ्रेमसुद्धा फिक्स्ड म्हणून वर्षानुवर्षं चालते. माझ्या हिशेबी सरळ आणि बिनभेगेची साधी फ्रेम वाकड्या ५३१ पेक्षा केव्हाही चांगली.

सायकल उघडणं

उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. काढलेला प्रत्येक भाग त्याच्या नटबोल्टांसकट छोट्या पिशवीत घालून वर नाव लिहा. डिरेलर, शिफ्टर (गिअर बदलायचा दांडा), ड्रॉपआउटच्या मागच्या बाजूला असलेले बारीक स्क्रू, सगळं. कधीतरी सायकल पुन्हा गिअरची करावीशी वाटेल, किंवा पुढच्या मालकाला वाटेल.

आटे कुठल्या बाजूने सुटतात हे आधी माहीत हवं. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, म्हणजे उजवीकडे फिरवलं की सुटतं. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलांच्या दांड्यांचा (क्रँकांचा) एक्सल ज्यात फिरतो ते फ्रेमच्या तळाचं बेअरिंग, इंग्रजी मापाचं असेल तर उजवी वाटी उलट्या आट्याची असते. इटालियन मापात दोन्ही बाजू सरळ आट्याच्या. जुन्या फ्रेंच फ्रेमचं माप यांपैकी कुठलंच नसतं, तिला सुटे भाग शोधताना दमछाक होते, तेव्हा नवख्याने शक्यतो ती टाळावी. क्रँक कॉटर पिनेने, म्हणजे आडव्या पाचरीने, बसवलेले असतील तर पिनेवर हातोडी मारताना क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा भक्कम टेकू द्या, नाहीतर ठोका थेट बेअरिंगच्या वाट्यांवर जातो आणि तिथे छर्ऱ्यांचे खड्डे पडतात.

बॉटम ब्रॅकेट उघडलंच आहे तर जुनं ग्रीस रॉकेल किंवा डिग्रीजरने धुऊन काढा, वाट्या आणि एक्सलवर खड्डे आहेत का बघा, आणि नवे छर्रे नव्या ग्रीसमध्ये बसवा. सुट्या छर्ऱ्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये साधारणपणे प्रत्येक बाजूला पाव इंचाचे ११ छर्रे असतात. फिक्स्डमध्ये जोर पुढेही लागतो आणि मागेही, त्यामुळे इथला जरासा ढिलेपणाही पायाला जाणवतो.

फ्रेमची रुंदी आणि रिमचं माप

चाक घेण्याआधी मागच्या दोन ड्रॉपआउटांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. पाच गिअरच्या जुन्या सायकलींना ते बहुधा १२० मिलिमीटर असतं, सहा-सात गिअरच्यांना १२६, त्यापुढच्यांना १३०. ट्रॅकचं हब, म्हणजे व्हेलोड्रोमच्या सायकलीचं, १२० चं असतं. तुमची फ्रेम १२० ची निघाली तर काहीच करायला नको. १२६ ची असेल तर एक्सलवर दोन्ही बाजूंना ३-३ मिलिमीटरचे स्पेसर घाला. दोन्हीकडे सारखे घातल्याने रिम मध्यातच राहते. घातल्यावर एवढं बघा की नट पूर्ण चढून एक्सलचा आटा थोडा बाहेर दिसतोय. फ्रेम हाताने दाबून १२० च्या हबवर आवळणारे लोक आहेत. स्टील ते सहनही करतं, पण त्याने ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहत नाहीत आणि एक्सलवर वाकडा ताण येतो. स्पेसर स्वस्त आहेत, तेच वापरा.

रिमचंही माप बघा. जुन्या रोड बाइकांना २७ इंची चाकं असायची, म्हणजे टायर बसायच्या कडेचा व्यास ६३० मिलिमीटर. आजची ७०० सी चाकं ६२२ ची. नाव जवळपासचं वाटलं तरी टायर एकमेकांना बसत नाहीत. ७०० सी लावलं तर रिमची कड ४ मिलिमीटर खाली येते, म्हणून ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकतात का हे आधीच तपासा. बहुतेक जुन्या ब्रेकांत तेवढी जागा असते.

मागचं चाक

इथे घाई करू नका. ट्रॅकच्या हबवर दोन वेगवेगळे आटे असतात. आतला मोठा, सरळ आट्याचा. त्यावर दातेरी चाकी चढते. बाहेरचा थोडा लहान व्यासाचा, उलट्या आट्याचा. त्यावर चाकीला दाबून धरणारी लॉकरिंग बसते. ही उलटापालट मुद्दाम केलेली आहे. तुम्ही पाय मागे रेटता तेव्हा चाकी आपल्या आट्यावरून सुटायला बघते. सुटताना ती लॉकरिंगला आपल्याबरोबर त्याच दिशेने ओढते, आणि लॉकरिंगचा आटा उलटा असल्यामुळे त्या दिशेने ती अजूनच घट्ट होते. म्हणजे चाकी जितकी सुटायला बघेल तितकी लॉकरिंग तिला दाबून धरते.

जुन्या रोड बाइकच्या फ्रीव्हीलच्या हबवर चाकी चढते, कारण आटा तोच आहे. पण लॉकरिंगसाठी उलटा आटा तिथे नसतो. मग लोक बॉटम ब्रॅकेटची रिंग सरळ आट्यावर चढवतात आणि आट्याला चिकटवायचं द्रव लावतात. असं हब मी चालवलंय. जोडून देणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं की हे कधीच सुटणार नाही. तीन आठवडे सुटलंही नाही. मग एका उतारावर वळणाआधी पाय मागे रेटले, टाचेखाली 'कट्' असा बारीक आवाज आला आणि पायडलं एकदम हलकी होऊन उलटी फिरायला लागली. पायांचा ब्रेक एका क्षणात नाहीसा झाला. पुढचा ब्रेक होता म्हणून थांबलो. खाली उतरून बघितलं तर चाकी आणि रिंग दोन्ही सुटून बाहेर आलेल्या, आणि हबच्या आट्यांवर चिकटद्रवाचा लाल चुरा. तेव्हापासून मी कुणालाही फ्रीव्हीलच्या हबवर फिक्स्ड चाकी लावून दिलेली नाही, आणि तुम्हीही लावू नका. जुनं चाक बाजूला जपून ठेवा आणि ट्रॅकच्या हबचं चाक घ्या. त्यातही फ्लिप-फ्लॉप घेतलं तर एका बाजूला फिक्स्ड चाकी आणि दुसऱ्या बाजूला साधं फ्रीव्हील लावता येतं. पाय दमले किंवा गुडघा कुरकुरला की चाक उलटं करून घरी येता येतं.

चाकी बसवायची ती अशी. हबचे आटे कापडाने कोरडे पुसा आणि त्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवा. चाकी हाताने चढवा. पहिले दोन-तीन फेरे नुसत्या बोटांनी, जोर न लावता गेले पाहिजेत. अडकली तर आटा तिरका चढतोय. मागे फिरवून पुन्हा सुरुवात करा. इथे पाना लावून रेटलं तर हबचे आटे कायमचे जातात. चाकी टेकली की साखळीच्या पान्याने, म्हणजे दांड्याला चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने, अंगाचा भार देऊन आवळा. दांडा लांब असला तर बरं. मग लॉकरिंग चढवा, डावीकडे फिरवत, आणि आकडीच्या पान्याने घट्ट करा. लॉकरिंगची मापं सगळ्या कंपन्यांची एकसारखी नसतात, म्हणून हब ज्या मापाचं त्याच मापाची घ्या.

आता सायकल जोडून झाल्यावर, पाय मागे रेटण्याआधी, एक काम उरतं. फ्रीव्हीलच्या सायकलीवर थांबता तसं पुढच्या ब्रेकने थांबत एक चांगला चढ उभं राहून चढा. तुमच्या वजनाने चाकी आणखी थोडी आत फिरते, आणि तिच्या व लॉकरिंगच्या मध्ये बारीकशी फट पडते. परत येऊन लॉकरिंग पुन्हा आवळा. बहुतेक वेळा ती बऱ्यापैकी फिरते, आणि मग कळतं की हे काम का करायचं असतं.

किती दातांचा गिअर

एकच गिअर असणार, तेव्हा तो विचाराने निवडावा. तुलनेसाठी सायकलवाले 'गिअर इंच' वापरतात: पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा इंचातला व्यास. हे माप उंच चाकाच्या सायकलींच्या काळातलं आहे. तिथे पायडलं थेट पुढच्या चाकाला असायची, म्हणून चाकाचा व्यास हाच गिअर.

जुन्या रोड बाइकला पुढे बहुधा ५२ आणि ४२ दातांच्या चेनरिंग, म्हणजे क्रँकवरच्या दातेरी चकत्या, असतात. ४२ ची ठेवा आणि मागे १६ ची चाकी घ्या. ४२ भागिले १६ म्हणजे २.६२५, २७ ने गुणलं की साधारण ७१ इंच. सपाट रस्त्यासाठी हा चांगला गिअर आहे. चढउतार असतील किंवा पायांना अजून सवय नसेल तर मागे १७ घ्या, मग ६७ इंच होतात. नवख्यांना मोठा गिअर हवाहवासा वाटतो, सरळ रस्त्यावर तो जोरात पळतो म्हणून. पण मोठ्या गिअरवर थांबायलाही तेवढाच जास्त जोर लागतो, आणि तो गुडघ्यावर येतो. मी लहान गिअरच सुचवेन.

४२-१६ वर २८ मिलिमीटर रुंदीचं ७०० सी टायर असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.६ मीटर जाते. मिनिटाला ९० फेरे मारले तर वेग ताशी ३० किलोमीटर. आता उतार धरा: तीच सायकल ताशी ४५ ने सुटली तर पाय मिनिटाला जवळजवळ १३४ फेरे फिरतात, आणि ते तुमच्या इच्छेवर नसतं. पुढचा ब्रेक का लागतो याचं एक उत्तर या आकड्यात आहे.

मागचं चाक घसरवून थांबायचा विचार असेल तर दातांचं गुणोत्तर लहानात लहान आकड्यांत मांडून बघा; त्यातला मागचा आकडा म्हणजे टायर घासायच्या जागा. ४८ आणि १६ म्हणजे ३ आणि १, त्यामुळे टायर दर वेळी एकाच जागी घासतं आणि तिथेच फाटतं. ४२ आणि १६ म्हणजे २१ आणि ८, घासायच्या जागा आठ. ४६ आणि १७ ला सतरा.

चेन लाइन

पुढची चेनरिंग आणि मागची चाकी एका रेषेत हव्यात, म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून दोन्हींचं अंतर (चेन लाइन) सारखं हवं. गिअरच्या सायकलीत चेन तिरकी चालते, फिक्स्डमध्ये तिरकी चेन आवाज करते, दात खाते आणि नको त्या वेळी उतरते. फिक्स्डवर चेन उतरली तर ती मागच्या चाकात अडकून चाक जागच्या जागी थांबू शकतं, म्हणून हे माप अंदाजाने घेऊ नका.

पुढे: सीटच्या नळीच्या बाजूपासून चेनरिंगच्या दातांच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्यात नळीचा अर्धा व्यास मिळवा. नळी बहुधा २८.६ मिलिमीटर असते, म्हणजे १४.३ मिळवायचे. मागे: ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूपासून चाकीच्या दातांच्या मध्यापर्यंत मोजा आणि ते फ्रेमच्या अर्ध्या रुंदीतून वजा करा. १२६ च्या फ्रेमवर २१ मिलिमीटर आलं तर ६३ वजा २१, चेन लाइन ४२. ट्रॅकच्या हबांची चेन लाइन साधारण ४२ च असते.

दोन्ही आकड्यांत एखाद्या मिलिमीटरचा फरक चालतो. जास्त असेल तर चेनरिंग क्रँकच्या आतल्या जागी बसवून बघा किंवा बाहेरच्या; दोन चेनरिंगच्या क्रँकवर दोन जागा असतातच आणि बऱ्याचदा आतली जागा ४२ च्या जवळ येते. एकच चेनरिंग ठेवली की जुने बोल्ट लांब पडतात, आखूड घ्यावे लागतात. तरी जुळलं नाही तर वेगळ्या लांबीच्या एक्सलचं बॉटम ब्रॅकेट लागेल.

क्रँक बदलायचेच असतील तर १७० ऐवजी १६५ मिलिमीटरचे घ्या. रोड फ्रेमचं बॉटम ब्रॅकेट ट्रॅक फ्रेमपेक्षा जमिनीच्या जवळ असतं, आणि वळणावर आतलं पायडल वर धरून ठेवता येत नाही. ५ मिलिमीटरही तिथे उपयोगी पडतात.

चेन आणि तिचा ताण

चेन दोन रुंदींच्या मिळतात, ३/३२ इंच आणि १/८ इंच. रुंद चेन अरुंद दातांवर चालते, अरुंद चेन रुंद दातांवर बसत नाही. जुनी चेनरिंग ३/३२ ची असेल आणि मागची चाकी १/८ ची, तर चेन १/८ घ्या.

ताण देताना चाक 'चालवत' मागे न्यायचं. चाक खाचेत घालून चेन चढवा, चाक हाताने मागे ओढून डावा नट आवळा. उजवा ढिला ठेवून चाकाची पुढची कड उजवीकडे, चेनच्या बाजूला ढकला. एक्सलचं उजवं टोक मागे सरकतं आणि चेन ताणते. उजवा नट आवळा, डावा ढिला करा, रिम दोन नळ्यांच्या मध्यावर आणा आणि डावा पक्का करा. दोन-तीन वेळा केलं की हाताला बसतं. रोड फ्रेमच्या खाचेचं तोंड पुढे असल्याने चेन चाकाला सुटायच्या दिशेनेच ओढत असते, म्हणून १५ च्या पान्याने नट चांगले आवळा आणि दातेरी वायसर असलेलेच नट वापरा. क्रोम चढवलेल्या गुळगुळीत ड्रॉपआउटवर तर हे फारच जरूर आहे.

ताण बघायचा तो चेनच्या मध्यावर: बोटाने वरखाली केली तर साधारण १ सेंटिमीटर हलली पाहिजे. मग क्रँक हळूहळू फिरवत पूर्ण फेरा बघा. एका जागी चेन ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली होत असेल तर चेनरिंग मध्यावर बसलेली नाही. तिचे बोल्ट किंचित ढिले करा, चेन जिथे ताठ होते तिथे तिच्यावर पान्याच्या दांड्याने हलका ठोका द्या, थोडं फिरवून पुन्हा बघा, आणि बोल्ट आवळा. सर्वांत ताठ जागीही चेन थोडी हललीच पाहिजे. ताठ चेन बेअरिंगं खाते.

आता या लेखातलं सर्वांत गंभीर वाक्य. फिक्स्डचं चाक हवेत फिरत असताना चेनजवळ बोट, कापड, काहीही नेऊ नका. साध्या सायकलीत बोट अडकलं तर पायडल थांबतं. इथे फिरतं चाक आपल्या सगळ्या वजनाने चेन पुढे ओढत राहतं आणि चेन व दात यांच्यामध्ये आलेलं बोट कापूनच थांबतं. चेन पुसायची तर चाक पूर्ण थांबवून, चाकी आणि चेनरिंगपासून दूर, चेनच्या मधल्या भागावर कापड धरून, थोडीथोडी सरकवत पुसा. लहान मुलं आसपास असतील तर सायकल उलटी करून चाक फिरवू नका. चालवताना बुटांच्या नाड्या आत खोचा आणि उजव्या पायाची पँट बांधून घ्या.

पुढचा ब्रेक

तो असलाच पाहिजे. ब्रेक लावताना वजन पुढे जातं आणि मागचं टायर हलकं होतं, त्यामुळे पायांनी कितीही रेटलं तरी थांबायचा मुख्य जोर पुढच्या चाकातच असतो. शिवाय चेन तुटली की पायांचा ब्रेक संपला. चाक उलटं करून फ्रीव्हील वापरणार असाल तर मागचाही ब्रेक ठेवा. अनेक देशांत रस्त्यावरच्या सायकलीला ब्रेक किती हवेत याचा कायदा आहे, तो बघून घ्या. जुना ब्रेक चांगला असेल तर नवी केबल आणि नवे रबर एवढंच पुरतं. पुढची रिम क्रोमच्या स्टीलची असेल तर मात्र अॅल्युमिनियमच्या रिमचं चाक घ्या. ओल्या स्टीलच्या रिमवर रबर नुसतं सरकत राहतं.

पहिले दिवस

मोकळं, सपाट मैदान शोधा. निघताना पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक किंचित उचला आणि एक पायडल पुढे-वर आणून ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात शरीर सवयीने पाय थांबवायला बघेल आणि पायडल तुम्हाला सीटवरून वर ढकलेल. त्या वेळी पाय ताठ करू नका, पायडलाबरोबर जाऊ द्या. हे ढकलणं रहदारीत पहिल्यांदा अनुभवू नये, म्हणून मैदान. पायाला पट्टे किंवा टो-क्लिप (पावलाचं टोक धरणारा पिंजरा) लावाच, कारण जोरात फिरणाऱ्या पायडलावरून पाय सुटला की ते पुन्हा पकडणं कठीण आणि पोटरीला मार बसतो. सुरुवातीला पट्टे ढिले ठेवा.

वेग कमी करणं पायांनी, थांबणं पुढच्या ब्रेकने, अशी वाटणी पहिले काही आठवडे ठेवा. वळणाआधीच वेग कमी करा, वळणात सायकल कमी झुकवा आणि अंग थोडं आत न्या. गतिरोधकावर पाय फिरतच राहणार, तेव्हा सीटवरून जरा उठून गुडघे सैल ठेवा. लांब उतारावर ब्रेक आधीपासून हलका धरून ठेवा. पाय आवाक्याबाहेर पळायला लागल्यावर धरलेला ब्रेक उशिराचा असतो.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर लॉकरिंग, एक्सलचे नट, चेनरिंगचे बोल्ट आणि क्रँक परत आवळून बघा, चेनचा ताण बघा, आणि नव्या चाकाचा आउट काढून घ्या, कारण नवे आरे बसताना थोडे ढिले पडतात. पुढे महिन्यातून एकदा चेनवर पट्टी ठेवा: नव्या चेनच्या २४ अर्ध्या कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या १/१६ इंचाने लांबल्या की चेन बदला, म्हणजे चाकीचे दात वाचतात.